सोनेरी रंगवलेले एक्केचाळीस कॅमेरे

राग यायला मला कारण लागत न्हाय, हे आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा. रिक्षावाल्यानं हात न दाखवता वळण घेतलं की माझा आवाज चढतो. चहा पांचट झाला की मी कप सरकवतो. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला कुलूप घालायला पायजे. मी सयाजी. सव्वीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत भट्टीपुढं उभा राहिलोय, डोकं गरम असणारच. पण आज जो राग सांगणार हाय तो तसला न्हाय. तो ओरडून जात न्हाय. गेले चार महिने मी ओरडून बघितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कान किटले, पण तो हाय तिथंच हाय.

गोष्ट पिराजीची हाय. आमच्याच फौंड्रीत तो पॅटर्नमेकर होता. म्हणजे जी वस्तू धातूत ओतायची, ती आधी लाकडात हुबेहूब करून द्यायची. त्या लाकडाचा वाळूत ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत आम्ही रस ओतायचा. धातू गार होताना आकसतो, म्हणून लाकडी वस्तू मुळापेक्षा जरा मोठी करावी लागते. किती मोठी, ते पट्टीवर लिहिलेलं असतं. पिराजी पट्टी बघायचाच न्हाय. बोटानं चाचपून सांगायचा, "सया, ह्यात अजून रंधा एकदा फिरवायला पायजे." आणि ते बरोबर निघायचं. मला ह्याचाबी राग यायचा. आम्ही दिवसभर बोंबलत मोजमाप करायचं, आणि हा गप उभा राहून बरोबर.

बोलायचा लई कमी. मी दहा वाक्यं बोललो की तो एक "हं" करणार. साहेब लोकांनी कामात उगाच खोट काढली तरी "हं". कॅन्टीनमध्ये भाजीत झुरळ निघालं तर ताटाच्या कडेला ठेवून बाकीची भाजी खाल्ली ह्या माणसानं. मी त्या आचाऱ्याची गचांडी धरली, तर हा मलाच म्हणतोय, "जाऊ दे की, त्याला दिसलं नसंल."

आमची दोस्ती झाली ती भांडणातनं, आणि भांडण माझंच. आमच्याकडं अॅल्युमिनियमची एक भट्टी होती. तिच्यात टाकायला भंगार यायचं, पोत्यानं. जुनी पातेली, पंख्याची पाती, काय वाट्टेल ते. एकदा पोत्यातनं एक चौकोनी डबडं निघालं, पुढं काचेचा डोळा. मी ते चिमट्यात धरलं आणि भट्टीत टाकणार, एवढ्यात मागनं कुणीतरी माझा दंड धरला. भट्टीपुढं उभ्या असलेल्या माणसाचा दंड धरायचा नसतो, एवढी अक्कल शेंबड्या पोराला असते! मी वळून अशी शिवी हासडली की बाजूचे चार लोक थांबले. पिराजी होता. म्हणला, "कॅमेरा हाय तो. मेलेला न्हाय."

ते डबडं त्यानं सुपरवायझरला विचारून घरी नेलं. आठ दिवसांनी डब्यात चपातीच्या वर ठेवून घेऊन आला. खटका दाबला. आत पापणी मिटल्यासारखं काहीतरी झालं आणि 'चिक्' असा एवढासा आवाज आला. मी सव्वीस वर्षं घणाचे आवाज ऐकलेला माणूस. मला तो धड ऐकूबी आला न्हाय. पण पिराजीचं तोंड बघितलं आणि मी गप बसलो.

तिथनं ते खूळ सुरू झालं. दर रविवारी हा जुन्या बाजारात. भंगारवाले त्याला ओळखायला लागले, "पावणं, आज डोळेवालं काय न्हाय" म्हणून लांबनंच हात हलवायचे. सुट्टी घेऊन एसटीनं गडहिंग्लजला गेला, कारण तिथल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओचा माळा रिकामा करणार होते. येताना छातीशी धरलेले दोन कॅमेरे, आणि बसायला जागा मिळाली न्हाय म्हणून उभ्यानं आलेला. घडीचे कॅमेरे, डब्याचे कॅमेरे, वरनं बघायचे दोन डोळ्यांचे कॅमेरे. आता तुम्हाला वाटंल, असले छंदवाले लई बघितलेत, कपाटात मांडायचं आणि पावण्यांना दाखवायचं. न्हाय. पिराजीचा कायदा वेगळा होता. जो कॅमेरा चालत न्हाय तो फळीवर चढायचा न्हाय. स्प्रिंग न्हाय? घड्याळाच्या स्प्रिंगेतनं कापून करायची. स्क्रू न्हाय? तासून करायचा. एकेका कॅमेऱ्याला सहा-सहा महिने. त्याची बायको, क्रांती वहिनी, एकदा मला म्हणल्या, "भावजी, घरात मिक्सर बंद पडून वर्ष झालं. त्यात डोळा बसवून घेऊ का, म्हणजे तरी दुरुस्त करतील?"

आणि खंडेनवमीला तर मजाच. आम्ही सगळे त्या दिवशी हत्यारांना हळद-कुंकू लावतो, फुलं वाहतो, मशीन बंद ठेवतो. पिराजी उलटं करायचा. कुंकवाचं बोटबी कॅमेऱ्याला लावू द्यायचा न्हाय. अंगणात सगळे मांडायचा आणि प्रत्येक कॅमेऱ्यानं एकेक फोटो काढायचा. वहिनींचा, तुळशीचा, माझ्या टकलाचा. म्हणायचा, "हत्याराची पूजा म्हणजे त्याला काम देणं." कामाबाहेर ह्या माणसाच्या तोंडून मी तोवर ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आता त्या मोठ्या कॅमेऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतंय. गगनबावड्याला एका चहाच्या टपरीत तो त्याला दिसला. सागवानी लाकडाचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा करायचा, मागं काळं कापड घेऊन फोटो काढायचा असला. टपरीवाली त्याच्या पेटीत सुक्या मिरच्या ठेवायची. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत हाय. लाकूड फुगून फाकलेलं, मधला भाता, म्हणजे भिंगापासून मागच्या काचेपर्यंतची घडीची अंधारी पिशवी, उंदरांनी खाल्लेला. पितळेत बसवलेलं भिंग तेवढं शाबूत, कारण त्यानं पोरं उन्हात कागद जाळायची. पिराजीनं दोन वर्षं घातली त्यात. चौकट नवी केली. आणि भाता! चपला करणाऱ्या एका कारागिराकडनं शेळीचं पातळ कातडं घेतलं, त्याच्याकडनंच ते तासून आणखी पातळ करून घेतलं, आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून एकेक घडी हातानं मोडली. छप्पन्न घड्या. तीनदा फसला. चौथ्यांदा उन्हात धरून आतनं बघितलं, तर सुईएवढाबी उजेड आला न्हाय. त्या दिवशी तो माझ्या घरी पेढे घेऊन आला. पोरगी झाली तेव्हाबी आणले नव्हते.

हे सगळं मला माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या कुणाला नसंल, पण मला माहीत होतं.

माझ्या साडूचा थोरला, उदयसिंह. हायवेला त्याचं मोठं मंगल कार्यालय हाय. दोन लॉन, एक हॉल, कारंजं, सगळं. दिसायला राजबिंडा, बोलायला गूळ. मला बघितलं की वाकून पाया पडणार, "काका, तुमचा आशीर्वाद." गेल्या श्रावणात घरी आला. म्हणला, लग्नाआधी फोटो काढायला जोडपी येतात, त्यांच्यासाठी एक दालन करतोय, जुन्या कोल्हापूरचं वातावरण. पिराजीकाकांचे कॅमेरे मिळाले तर नाद खुळा होईल. नवरात्राच्या पहिल्या माळेला उद्घाटन, मुंबईहून मोठे साहेब येणार. आणि पत्रिकेत तुमचं नाव, काका. 'मार्गदर्शक' म्हणून.

मार्गदर्शक! अरे, मला माझ्या पोरांनी आयुष्यात कधी वाट विचारली न्हाय. पण वर 'माननीय श्री.' लावून नाव छापणार म्हणल्यावर माझी छाती फुगली. लाज वाटते आता सांगायला.

मी पिराजीकडं गेलो. तो "हं" म्हणला, पण तो नकाराचा "हं" होता, मला कळतो. मी सोडला न्हाय. म्हणलो, "खोलीत कोण बघतंय हे? तू मेल्यावर वहिनी भंगारात घालतील. लोकांना दिसू दे की! तुला कोण ओळखतंय, फौंड्रीतली चार माणसं?" तीन दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. चौथ्या दिवशी तो म्हणला, "बरं. पण काही लावायचं न्हाय, काही पुसायचं न्हाय. आणि खंडेनवमीच्या आत परत." मी म्हणलो, "माझी जबाबदारी. माझ्या पावण्यातलं पोरगं हाय, शब्द देतो." शब्द दिला. एक्केचाळीस कॅमेरे माझ्याच छोट्या हत्ती टेम्पोत भरून, जुन्या गोधड्यांत गुंडाळून, मी स्वतः पोचवले. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारत गेलो. एवढी काळजी घेतली, बघा!

उद्घाटनाच्या आधीच्या मंगळवारी मी सहज तिकडं गेलतो. सगळीकडं धावपळ. साहेब येणार म्हणल्यावर आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. फुटपाथच्या दगडांना काळे-पिवळे पट्टे. विहिरीला निळा ऑइलपेंट. जुनं दगडी जातं होतं दारात, त्यालाबी चंदेरी मारलेलं. मी हसलो. म्हणलो, बरं झालं पोरांनो, हितं मी जास्त वेळ उभा राहिलो तर मलाबी पट्टे ओढशीला.

आणि हॉलच्या दाराशी थिनरचा वास आला. पडदा लावलेला. पडद्याखाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर सोनेरी ठिपके. कोपऱ्यात रंग फवारायचा कॉम्प्रेसर. माझ्या मनात आलं. खोटं का बोलू, आलंच. मी पडद्याला हात घातला. तेवढ्यात उदयसिंह मागनं आला, माझ्या खांद्यावर हात टाकला, "काका, पत्रिका छापून आलीय, चला बघायला." आणि मी गेलो. ऑफिसात एसी होता, थंड कोकम होतं, पत्रिकेवर माझं नाव होतं. मी ते नाव चारदा वाचलं. पडद्यामागं काय हाय ते विचारलं न्हाय. घरी येताना म्हणलो, फळ्या रंगवत असतील. फळ्यांनाच सोनेरी मारला असंल.

पहिल्या माळेला पिराजी माझ्याआधी हजर. नवा पांढरा शर्ट, डोक्याला फेटा, वहिनींनी बांधून दिलेला. खांद्याला पिशवी. उद्घाटनाचा फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं काढायचा असं ठरलतं, म्हणून फोटोचा कागद भरलेली चपटी पेटी त्यानं घरनं आणलती, काळ्या कापडात गुंडाळून. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःहून बोलत होता. "सया, बाहेरचा उजेड चांगला हाय. सगळे दारात उभे केले तर दहा सेकंदांत फोटो येईल." मी म्हणलो, "आज तुझा दिवस हाय, गड्या."

साहेब आले. हार, नारळ, फटाके. उदयसिंहनं दोरी ओढली आणि पडदा बाजूला झाला.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सोनेरी. अंगापासून भिंगापर्यंत. कातड्याचे, लाकडाचे, पितळेचे, सगळे एकाच रंगात, वरनं दिवे सोडलेले. आकडे गेले, अक्षरं गेली, खटके बुजले. बघणाऱ्याला कळूच नये कुठला कुठला ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वा, वा! फारच सुंदर!"

मी उदयसिंहला दंडाला धरून खांबामागं ओढला. "भाड्या, हे काय केलंस?" त्याला खरंच कळलं न्हाय. डोळे मोठे करून म्हणतोय, "काका, जुने दिसत होते. काहींचा रंग उडालेला, काहींचं पितळ काळं पडलेलं. साहेबांना तसे कसे दाखवायचे? चांगला कारागीर बोलावला, गाड्या रंगवणारा. दोन हात मारलेत."

जुने दिसत होते! अरे, जुने होते म्हणूनच नेले होतेस ना, गाढवा? जुन्या कोल्हापूरचं वातावरण पायजे होतं ना तुला? मला त्याच्या कानाखाली द्यायची होती. हात उचललाबी होता. पण माझी नजर पिराजीकडं गेली. तो फळीपाशी उभा होता आणि एकेका कॅमेऱ्याचा खटका हळूच दाबून बघत होता. एकबी दबत नव्हता. तो पुढच्याकडं जायचा. पुन्हा दाबायचा. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढत होते.

माइकवर पुकारा झाला, "आता आपले कॅमेरा-महर्षी पिराजीराव आपल्या ऐतिहासिक कॅमेऱ्यातून मान्यवरांचा फोटो घेतील." दोघा पोरांनी मोठा कॅमेरा उचलून दारात तिकाटण्यावर बसवला. साहेब मधोमध, बाजूला उदयसिंह, मग सगळे पुढारी, मागं खुर्च्यांवर चढलेली माणसं. चाळीसेक जण. पिराजी पुढं आला. मला वाटलं, आता तरी बोलंल. आता तरी ह्याला राग येईल. त्यानं कॅमेऱ्याचं पुढचं अंग धरलं आणि भाता ओढला.

करकर असा आवाज झाला. रंग वाळून पापडासारखा कडक झालता. छप्पन्न घड्यांवर भेगा पडत गेल्या, सोनेरी कपच्या खाली पडल्या, आणि मधल्या दोन घड्या कातड्यासकट उभ्या फाटल्या. पिराजीनं त्या फाटलेल्या जागेवरनं बोट फिरवलं. मग काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आत गेला.

सगळे फोटोचं तोंड करून उभे. एक मिनिट झालं. साहेबांचं हसू ताणलं. दीड झालं. उदयसिंह ओठ न हलवता माझ्याकडं बघून पुटपुटला, "काका, किती वेळ?" मी कॅमेऱ्याजवळ गेलो. "पिरा, काय करतोयस?" मग मला दिसलं की कापड हलतंय. वारा नव्हता. मी कडेनं डोकं आत घातलं.

आत मागच्या काचेवर, जिथं समोरची माणसं दिसायला पायजेत, तिथं काहीच नव्हतं. नुसतं काळं. भात्याच्या भेगांतनं उजेडाच्या रेघा येत होत्या, आणि त्या उजेडात पिराजी चौकटीला कपाळ टेकून रडत होता. फेट्याचा शेमला तोंडात कोंबलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाबी न्हाय. माझ्याकडं त्यानं बघितलंबी न्हाय.

मी डोकं बाहेर काढलं. आणि जे मला येतं ते केलं.

"हलायचं न्हाय!" मी असा ओरडलो की कारंज्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. "कुणीबी हलायचं न्हाय! जुना कॅमेरा हाय, हललं की फोटो गेला! साहेब, मान वर! ओ निळा शर्ट, हात खाली घ्या! खाजवायचं घरी जाऊन!" कुणाचातरी मोबाइल वाजला. "वाजू दे! हात लावायचा न्हाय!" ऊन डोक्यावर होतं. साहेबांच्या कानशिलावरनं घाम गळायला लागला. त्यांचा माणूस घड्याळ दाखवत आला, "साहेबांना पुढं कार्यक्रम आहे." मी म्हणलो, "मग न्या की. फोटोत येणार न्हाईत एवढंच." फोटोतनं उठून जाणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. साहेब उभे राहिले. माझ्या पायाला गोळे आले, पण मी गरगर फिरत एकेकाला दटावत होतो, आणि पाठीमागं ते कापड हलत होतं. "झालं का हो?" साहेबांनी दातांच्या फटीतनं विचारलं. "न्हाय," मी म्हणलो. "उभे राहा."

पाच मिनिटं मी त्या सगळ्यांना उन्हात उभं केलं. मग कापड थांबलं. पिराजी बाहेर आला. डोळे लाल, फेटा वाकडा. त्यानं साहेबांना नमस्कार केला आणि म्हणला, "फोटो आला न्हाय. भिंगावर रंग मारलाय. ह्याच्यातनं तुम्ही दिसतच न्हाय."

मग साहेब मोठ्यानं हसले. "कलावंत माणूस!" म्हणाले, पिराजीच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत बसून गेले. त्यांच्यामागं सगळी माणसं जेवणाकडं गेली. बासुंदी होती. कुणाला काही वाटलं न्हाय. हेच मला सहन होत न्हाय. भांडण झालं असतं, डोकं फुटलं असतं, तरी मला चाललं असतं. पण टाळ्या वाजवून, थाप मारून, बासुंदी खाऊन गेले सगळे.

पिराजीनं फळीवरचे कॅमेरे उतरवायला घेतले. मी माझी गाडी दाराला लावली. उदयसिंह धावत आला, रडकुंडीला आलेला. "काका, पिराजीकाका, असं करू नका, उद्यापासून बुकिंग हाय. मला काय माहीत हे तुम्हाला आवडणार न्हाय?" आणि मग माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही तर मंगळवारी येऊन गेला की! रंगाचं काम चालू होतं तेव्हा! पडद्यापर्यंत गेलतासा. काही बोलला न्हाईत, म्हणून मला वाटलं चालतंय."

पिराजीच्या हातात तो भंगारातला चौकोनी कॅमेरा होता. त्यानं तो खाली ठेवला.

"गेलतास?" त्यानं मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. बाकी सगळं येतं मला. "व्हय," मी म्हणलो. "वास आलता. आत बघितलं न्हाय."

मला वाटलं, आता शिवी येणार. मी मान खाली घातली, म्हणलं घालू दे, थोबाडीत मारली तरी चालंल, मोकळा होईल. पिराजी आवाज न चढवता बोलला. "रंगाऱ्यावर माझा राग न्हाय, सया. त्याला सांगितलं ते त्यानं केलं. ह्या पोराला कळतच न्हाय, त्याच्यावर काय रागावू? तुला कळत होतं."

त्यानं मोठा कॅमेरा तिकाटण्यावरनं काढला, फाटलेला भाता दाबून मिटला, काळ्या कापडात गुंडाळून खांद्यावर घेतला. म्हणला, "बाकीचे तू ने. पुस." आणि हायवेच्या कडेनं चालायला लागला. मी गाडी घेऊन मागनं गेलो, हॉर्न वाजवला, हाका मारल्या, "पिरा, बस लेका, आठ किलोमीटर हाय! शिवी दे पायजे तर, पण बस!" त्यानं मागं बघितलं न्हाय. फेटा काढून त्यानं पिशवीत कोंबला आणि चालत राहिला.

चाळीस कॅमेरे माझ्या मागच्या पडवीत आले. आता रोज सकाळी मी थिनर, कापूस आणि दात कोरायच्या काड्या घेऊन बसतो. माझी ही बोटं. सव्वीस वर्षं चिमटा धरून जाड झालेली, त्यात तो दाण्याएवढा खटका मावत न्हाय. थिनरनं कातडी सोलली. बायको म्हणते, कुणाकडनं तरी करून घ्या. मी तिच्यावर ओरडलो, दोन दिवस ती बोलली न्हाय. पहिला कॅमेरा पुसायला नऊ दिवस लागले. उदयसिंहचा फोन येतो, मी उचलत न्हाय. पत्रिका मी बंबात घातली.

एकेक झाला की मी जाऊन पिराजीच्या दाराच्या पायरीवर ठेवतो आणि कडी वाजवतो. आतनं कुणी येत न्हाय. क्रांती वहिनी फोनवर एवढंच म्हणतात, "भावजी, जेवतात, झोपतात, काळजी नको. पण तुमचं नाव काढलं की उठून जातात." दुसऱ्या दिवशी बघितलं तर कॅमेरा पायरीवरनं आत गेलेला असतो. असे एकोणीस गेले. त्यातले किती चालतात, मला कोण सांगणार?

परवा विसावा ठेवून आलो. काल सकाळी गेलो तर तो पायरीवरच होता. वहिनी झाडत होत्या, त्यांनी मान वळवली. मी उचलून उन्हात धरला. भिंगाच्या खाचेत, अगदी तळाला, सोनेरीचा एक ठिपका राहिलेला होता. खिडकीत पिराजी उभा होता. मला दिसला. मी रस्त्यावरनं ओरडलो, "अरे शिवी तरी दे की लेका!" त्यानं खिडकी लावून घेतली.

मी कॅमेरा घरी आणला आणि पुन्हा पुसायला बसलो.